एसटीत पाहिलेला जपानी सिनेमा

तो सिनेमा आम्ही एसटीत पाहिला. सलग नाही, रोज थोडा थोडा. कॉलेज सुटल्यावर वाशीमच्या स्टँडवर गाडी लागायची, आम्ही मागची एखादी सीट धरायचो, आणि तो खिशातून मोबाइल काढून समोरच्या सीटच्या दांडीला टेकवायचा. इअरफोनची एक वायर त्याच्या कानात, एक माझ्या. खरं तर वायरीची काही गरज नव्हती. सिनेमा जपानी होता, त्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. खाली इंग्रजीतून ओळी यायच्या. त्या मी वाचायचे आणि हळू आवाजात आमच्या बोलीत त्याला सांगायचे.

एका तरुण मुलानं आणि मुलीनं असं शेजारी बसून एका मोबाइलमध्ये डोकं घालणं आमच्याकडं सहज खपत नाही. शिरपूरपासून आत असलेल्या आमच्या गावातलं कोणी ना कोणी त्या गाडीत रोज असायचं. पण आम्हाला कोणी काही म्हणत नव्हतं. तो आमच्या मागच्या गल्लीतला, माझ्याच वयाचा, आणि मी त्याची बहीण होते. रक्ताची नाही, राखीची. सगळ्या गावादेखत झालेली.

ते कसं झालं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

बारावी मी शिरपूरला केली. मार्क चांगले पडले. पुढं शिकायचं तर वाशीमला जायला हवं होतं. आमच्या घरात, आईकडं की बाबांकडं, कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण कडक माणूस नव्हे. माझ्या शिकण्याला त्यांची ना नव्हती. ना होती ती रोजच्या गाडीला. हिवाळ्यात परत येताना अंधार पडतो, गाडी कधी फेल होते, पोरगी एकटी फाट्यावर उभी राहील, आणि मग लोक काय बोलतील. ते रागावत नव्हते, नुसते गप्प बसायचे. त्यांच्या गप्प बसण्यापुढं मला रडताही येत नव्हतं.

वाट काढली ती त्याच्या आईनं. ती आमच्याकडं विरजण मागायला आली होती. माझं तोंड बघून तिनं विचारलं, आईनं सांगितलं, आणि तिनं उभ्या उभ्याच तोडगा दिला. तिचा मुलगाही वाशीमच्या त्याच कॉलेजात जाणार होता. त्याला बहीण नव्हती, मला भाऊ नव्हता. राखी पौर्णिमा तोंडावर आली होती. राखी बांधून टाकली की दोघं एका गाडीनं जातील, एका गाडीनं येतील, बोट दाखवायला कोणाला जागा राहणार नाही. आईला ते इतकं पटलं की विरजण द्यायचंच राहून गेलं.

बाबांनी मात्र ते आपल्या पद्धतीनं केलं. राखी ही घरातल्या घरात व्हायची गोष्ट. त्यांनी ओटा सारवून घेतला, सतरंजी अंथरली, दोन्ही गल्ल्यांतल्या जाणत्या माणसांना चहाला बोलावलं. एक म्हातारे गृहस्थ उशिरा आले आणि सतरंजी, चहा, पाट पाहून विचारू लागले की सोयरीक कोणत्या गावची. सगळे हसले. मीही हसले. तो नवा पांढरा शर्ट घालून, डोक्याला भरपूर तेल लावून पाटावर बसला होता. मी कुंकू लावलं, राखी बांधली, पेढा दिला. बाबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाले, "आजपासून हे तुह्यी बहीण. हिले नेणं-आणणं तुह्याकडं. पायलं हाये बावा गावानं."

त्यानं मान हलवली.

मला त्या दिवशी तो आवडतही नव्हता, नावडतही नव्हता. वाशीमला जायला मिळतं म्हणून कोणी मला एसटीच्या ड्रायव्हरला राखी बांधायला सांगितलं असतं तरी मी बांधली असती. हे मी मुद्दाम लिहिते. वाचणाऱ्याला वाटू नये की बाबांनी माझ्यावर काही लादलं. त्या दोऱ्यानं मला पदवीपर्यंत नेलं. आजही माझ्या नावापुढं बी.ए. लिहिताना मला त्या ओट्यावरची सतरंजी दिसते, आणि मी बाबांचे उपकार मानते.

पुढच्या वर्षी आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत तसंच झालं. एका मुलीला नर्सिंगला जायचं होतं, दुसरीला आयटीआयला. त्यांच्या वडिलांनी बाबांना विचारलं, बाबांनी आमच्याकडं बोट दाखवलं. त्यानंतर ती रीतच पडली. जूनमध्ये मुलीचा प्रवेश ठरायचा, राखी पौर्णिमेपर्यंत घरात कुरबुर चालायची, आणि पौर्णिमेला ओट्यावर सतरंजी. बाबांना गावात एक मान मिळाला. पोरींना शिकवायचं कसं, ते त्यांना विचारायला लोक येऊ लागले.

आता तो. तो कॉमर्सला होता, हुशार असा नव्हे, पण मन लावून करणारा. बोलायला कमी. गाडीत मला खिडकी द्यायचा. गर्दी झाली की बॅग मधे धरून उभा राहायचा, मला कोणाचा धक्का लागू नये म्हणून. लोकांसमोर मला 'ताई' म्हणायचा. मी चिडले की म्हणायचा, काय करू, गावानं पाहिलं आहे. त्याला चित्रांचे सिनेमे फार आवडायचे. त्याचे मित्र त्याची टिंगल करायचे, की मिशा आल्या तरी हे कार्टून पाहते. तो म्हणायचा की खऱ्या सिनेमात ती माणसं नाटक करत आहेत हे दिसतं, चित्रांतल्या माणसांना नाटक करता येत नाही.

स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथले भाई त्याला मेमरी कार्डात सिनेमे भरून द्यायचे. हा सिनेमा देताना ते म्हणाले होते, "ले जाओ, अच्छा है, रोना आता है." नंतर कळलं की त्यांनी स्वतः तो पाहिलाच नव्हता, घरी बहीण तो पाहून रडली होती, तेवढ्यावरून सांगितलं होतं.

गोष्ट साधी होती. समुद्राच्या वर डोंगराला लागून एक लहान गाव. त्यात एक मुलगी मामाकडं राहते. घराच्या वळचणीला केशरी फळं दोरीला बांधून वाळत टाकलेली. आम्हाला ते फळ काय ते कळेना. खाली आलेला इंग्रजी शब्द मी कॉलेजच्या शब्दकोशात पाहिला, तरी उलगडा झाला नाही. तो म्हणाला, टेंबरू हाये, फुगून पेरूएवढं झालेलं. मग रानातल्या तेंदूच्या त्या बारक्या फळावरून आम्ही त्याला टेंबरूच म्हणायला लागलो.

ती मुलगी हिवाळ्यात एकटी बसून त्यातलं एक वाळलेलं फळ खाते, आणि डोळे उघडते तर ज्या दुपारी ती फळं सोलून टांगली होती त्या दुपारी ती परत उभी. शेजारचा मुलगा शिडीवर चढलेला आहे आणि ती खालून एकेक फळ त्याच्या हातात देते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा बोटीनं शहरात जाणार असतो, इंजिनाचं काम शिकायला. तो गेलेला आहे हे तिला माहीत आहे, त्याला अजून माहीत नाही की हिवाळा आला तरी आपण परतणार नाही. संध्याकाळ झाली की ती पुन्हा आपल्या हिवाळ्यात. मग ती दुसरं फळ खाते. दोरीवरची फळं कमी होत जातात, आणि ती दर वेळी त्याच दुपारी जाऊन तेच एक वाक्य बोलायचा प्रयत्न करते. कधी मामा हाक मारतो, कधी मांजर टोपलीत शिरतं, कधी तिचाच धीर होत नाही.

मी हे सगळं आमच्या भाषेत सांगायचे. "तो म्हणते, शिडी हालून राह्यली, धर ना नीट. ते म्हणते, धरलीच हाये." त्याला माझं ते सांगणं सिनेमापेक्षा जास्त आवडायचं. तो हसायचा आणि पुन्हा मागं नेऊन तेच परत सांगायला लावायचा. मागच्या सीटवर वाशीमच्या दवाखान्यातून केनवडला परतणारी एक म्हातारी बाई काही दिवस सारखी असायची. तिला मोबाइल दिसत नव्हता, नुसतं माझं बोलणं ऐकू यायचं. एके दिवशी तिनं माझ्या खांद्यावर बोट टोचून विचारलं, "मंग सांगतलं का नाई त्या पोट्टीनं?" मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, "बयताड हाये." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं की हे तुझे मालक का. आम्ही दोघं एकदमच म्हणालो की भाऊ आहे. म्हातारीनं आमच्याकडं नीट पाहिलं आणि नातं काढायच्या भरीला न पडता खिडकीबाहेर बघत बसली.

तोवर माझ्या मनात काही होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. असेल. पण ज्याला नाव द्यायची सोय नसते त्याकडं माणूस बघतच नाही. मी बघत नव्हते.

ज्या दिवशी बघावं लागलं तो दिवस असा. दोरीवर थोडीच फळं उरलेली. मुलगी पुन्हा त्या दुपारी गेली. या वेळी मामा नाही, मांजर नाही. मुलगा शिडीवरून खाली वाकला, फळ घ्यायला, आणि तिनं ते सोडलंच नाही. दोघांचे हात त्या एका फळावर. आणि ती बोलली. खाली ओळ आली. अगदी सोप्या शब्दांत होती, पाचवीच्या मुलालाही कळली असती. मी बोलायला तोंड उघडलं, आणि मला ते आमच्या बोलीत म्हणता येईना. त्या मुलीचं बोलणं होतं, पण म्हणणारी मी होते, आणि ऐकणारा तो होता. गाडी शिरपूरच्या अलीकडं होती. जैन मंदिराला आलेली मंडळी पुढं मोठ्यानं बोलत होती.

त्यानं विचारलं, "काय म्हणते ते?"

मी म्हटलं, "काई नाई म्हणत."

त्यानं मोबाइल थांबवला. ओळ तिथंच पडद्यावर राहिली. तेवढं इंग्रजी त्याला येत होतं. आम्ही दोघं ती ओळ बघत बसलो. मग त्यानं मोबाइल खिशात घातला आणि आमचा फाटा येईपर्यंत बॅगचा पट्टा नीट करत राहिला.

सिनेमा तिथंच राहिला. तो पुढं पाहायचा का असं ना त्यानं विचारलं, ना मी. दुसऱ्या दिवसापासून तो मला खिडकीत बसवायचा आणि स्वतः दोन सीटा पुढं जाऊन बसायचा. गर्दी झाली की मात्र मागं येऊन बॅग धरून उभा राहायचा, पहिल्यासारखाच. 'ताई' म्हणणं त्यानं बंद केलं. काहीच म्हणेनासा झाला. त्या वर्षीची राखी मी बांधली. ओट्यावर शेजारच्या पोरींच्या राख्याही त्याच वेळी बांधून होत होत्या, गडबड होती. त्यानं हात पुढं केला आणि मान दुसरीकडं फिरवली, लहान मूल इंजेक्शन घेताना फिरवतं तशी.

मी बी.ए. झाले. बाबांनी सगळ्या गावात पेढे वाटले. पहिला पेढा त्यांनी त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, हे तुह्यामुळं झालं. खरंच होतं ते.

वर्षभरात इंझोरीचं स्थळ आलं. शेतीवाडीची, साधी माणसं. मुलाचं कृषी सेवा केंद्र होतं. त्यानं बघायला आल्यावर मला एकच विचारलं, की पुढं नोकरी करायची असेल तर करशील का. मी हो म्हटलं. त्याला ते आवडलं. मला नाही म्हणायला कारण नव्हतं. जे कारण होतं ते कारण म्हणून सांगण्यासारखं नव्हतं.

लग्न ठरलं तसे बाबा मागच्या गल्लीत त्याच्या घरी गेले. आमच्याकडं होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो. नवऱ्याचा कान पिळायलाही भाऊच लागतो. मला सख्खा नाही म्हटल्यावर चुलतभावांपैकी कोणीही चाललं असतं, पण बाबांना तो पाहिजे होता. तो हो म्हणाला, असं बाबांनी आल्यावर मोठ्या समाधानानं सांगितलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी तो आमच्या घरी आला. दुपारची वेळ. आई आणि बायका पुढच्या खोलीत पापड लाटत होत्या, मी मागच्या अंगणात ते खाटेवर वाळत घालत होते. मंडपाच्या पाइपांचं विचारायला आलो, असं तो आईला म्हणाला आणि मागं आला. खाटेच्या पलीकडं उभा राहिला. थोडा वेळ तो कडेचे पापड सरळ करत राहिला, ते सरळच होते तरी.

मग खाली बघतच म्हणाला, "तुले तसं एक टेंबरू भेटलं तं कोन्त्या दिवशी जाशीन?"

मला विचार करावा लागला नाही. त्यालाही उत्तर माहीत होतं.

"अन् मंग काय करशीन? राखी बांधशीन का नाई?"

इथं मी विचार केला. त्या ओट्यावर मी परत उभी आहे, तबक हातात आहे, तो तेल लावून पाटावर बसला आहे. मी राखी बांधत नाही. तबक खाली ठेवते. मग काय? मग बाबा गप्प बसतात. मग मी वाशीमला जात नाही. गाडी नाही, खिडकी नाही, मेमरी कार्ड नाही, माझ्या तोंडून जपानी मुलीचं बोलणं नाही. तो मागच्या गल्लीतला एक मुलगा राहतो, ज्याच्याशी मी कधी बोललेही नसते. त्या दोऱ्याशिवाय तो मला भेटलाच नसता आणि त्या दोऱ्यामुळं तो मला मिळणार नव्हता. त्या दुपारी कितीही वेळा परत गेले असते तरी माझ्या हातून तेच झालं असतं.

मी म्हटलं, "बांधीनच."

तो म्हणाला, "मले बी तसंच वाटलं."

पुढच्या खोलीतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला की अजून वेळ आहे, तू म्हणशील तर मी बाबांशी बोलतो. मारलं तर मार खातो. ते त्यानं साध्या आवाजात सांगितलं, मंडपाचे पाइप किती लागतील हे सांगावं तसं. मला त्याचा भरवसा होता. तो खरंच बोलला असता.

मी त्याला पलीकडच्या घराकडं बघायला सांगितलं. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीचं घर ते. तिची धाकटी बहीण त्या वर्षी बारावीला होती. आपण दोघं राखीच्या भावाबहिणीचे नवराबायको झालो, तर उद्या गल्लीतली एकही मुलगी गाडीत बसणार नाही. ज्यांनी सतरंज्या अंथरल्या ते सगळे बाप म्हणतील, हेच होणार होतं. आणि ते सगळे माझ्या बाबांच्या दारात येतील. मी हे एवढं नीट बोलले नाही. मी नुसतं म्हटलं, "त्या पोरीइचं काय?"

त्यानं त्या घराकडं पाहिलं. मग म्हणाला, "त्या सिनेमातल्या पोरीचं बरं हाये. त्याइच्याकडं राखी नसते."

आईनं आतून विचारलं, झालं का रे पाइपांचं. तो हो म्हणाला आणि गेला.

लग्नाच्या दिवशी तो सकाळपासून मंडपात राबत होता. पाणी, जेवणाच्या पंगती, पाहुण्यांच्या गाड्या. होमाच्या वेळी त्याला हाक मारली तेव्हा तो हात धुऊन, शर्टाला पुसत आला. माझी ओंजळ पुढं, माझ्या हातांखाली नवऱ्याचे हात, आणि वरून तो लाह्या घालणार. भटजी सांगत होते तसं त्यानं सावकाश केलं, एकही लाही खाली सांडली नाही. त्याची बोटं माझ्या बोटांना लागू नयेत एवढ्या वरून त्यानं त्या सोडल्या. धुरानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं.

मग कान पिळायची वेळ आली. आमच्याकडं त्यात मोठी मजा असते. बहिणीला नीट सांभाळ, असं सांगायला भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि नवरदेव त्याला कापड देतो. तो पुढं झाला आणि नुसतं दोन बोटांनी कानाला हात लावला. बायकांनी गिल्ला केला. माझी एक मामी म्हणाली, "पिळ ना रे जोरात, बहीण घिऊन चालला तो तुह्यी." सगळा मंडप हसला. नवरदेवही हसले आणि त्यांनी कान आणखी पुढं केला. ते चांगले आहेत, हे मला तेव्हाच कळलं. त्यानं पुन्हा हात लावला, थोडा जोरात. टाळ्या पडल्या. त्याला शर्टाचं कापड मिळालं. ते दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला, आणि ते कुठं ठेवावं हे त्याला सुचेना.

लग्नानंतर पहिल्या खेपेला मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तोच आला. मुराळी भावानंच व्हायचं असतं. सासूबाईंनी त्याला पुरणपोळी केली, जावयासारखा आग्रह केला. मग मंगरूळपीरला गाडी बदलून आम्ही वाशीमकडं निघालो. किती दिवसांनी एका सीटवर बसलो होतो. मोबाइल दोघांकडंही होता, कोणी काढला नाही. मी त्याला विचारलं की बरा आहेस ना. तो म्हणाला, पुण्याकडं एका कंपनीत लागतो आहे. गाडी वाशीमच्या स्टँडात शिरता शिरता तो म्हणाला, "पुढच्या खेपेले बाबा येतीन न्यायले." मी बरं म्हटलं. समोर भाईंचं मोबाइलचं दुकान असायचं. तिथं आता चपलांचं दुकान झालं होतं. त्याला ते दाखवावं असं मला वाटलं, पण तो बॅगा उतरवत होता.

सिनेमाचा शेवट मी इंझोरीत पाहिला. एका दुपारी, घरात कोणी नसताना, शोधून काढला. माझी समजूत होती की तो शेवट वाईट असणार. तसा नव्हता. बोलून दाखवल्यानंही तिच्या हिवाळ्यात काही बदललेलं नसतं. मग मुलगी शेवटचं फळ खाते, त्या दुपारी जाते, आणि काहीच बोलत नाही. नुसती शिडी धरते. बोट जाते. मग वर्षं जातात. आणि एका शरदात तो मुलगा, आता मोठा झालेला, हातात बॅग घेऊन डोंगराची पायवाट चढत येतो आणि विचारतो की या वर्षी शिडी कोण धरणार. ती हसते. संपलं. खूप हळुवार, सुंदर शेवट. भाईंची बहीण का रडली असेल ते मला कळलं. मला मात्र रडू आलं नाही, राग आला. न बोलणाऱ्या मुलीला तिथं सगळं परत मिळत होतं. एवढ्यासाठी आम्ही तो अर्धा ठेवला होता का, असं वाटलं. मी मोबाइल बंद केला आणि तुरीची डाळ निवडायला बसले.

तो भाऊबिजेला दोनदा आला. ताटात ओवाळणी टाकली, माझ्या मुलीला खेळणं आणलं, जेवला, संध्याकाळच्या गाडीनं गेला. दोन्ही वेळा मी त्याला ओवाळताना दिव्याच्या ज्योतीकडं पाहिलं. नंतर येणं बंद झालं. बाबा फोनवर त्याच्यावर चिडतात. एवढं सगळं केलं आणि बहिणीला विसरला, म्हणतात. एकदा म्हणाले, "सक्का असता तं आला असता." मला त्याची बाजू घ्यायची होती, आणि घ्यायला माझ्याकडं एकही शब्द नव्हता. गल्लीतली ती नर्सिंगवाली आता अकोल्याच्या दवाखान्यात आहे, तिची बहीण शिकते आहे. बाबांना त्याचा अभिमान आहे. मलाही आहे. मी तासिका तत्त्वावर एका शाळेत शिकवते. माझं काही वाईट झालं नाही, असं कोणीही म्हणेल, आणि मीही तसंच सांगते.

मागच्या दिवाळीत भाऊबिजेच्या दिवशी माझ्या मालकांनी स्वतःहून त्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू येत होतं. या ना भाऊ, तुमची बहीण वाट पाहते, असं ते म्हणाले. पलीकडून तो नीट बोलला असावा, कारण हे हसले. मग आत येऊन त्यांनी मला सांगितलं की त्याला सुट्टी मिळाली नाही, आणि त्याचं लग्न ठरलं आहे. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी विचारलं, तुला बोलायचं आहे का, परत लावू का. मी नको म्हटलं.

ताट तयार होतं. दिवा, कुंकू, सुपारी, करदोडा. दिवस मावळायला आला तशा सासूबाई म्हणाल्या, "भाऊ नाई आला म्हनून ताट गेल्या सालासारखं तसंच ठेऊ नोको. ज्याइले भाऊ नसते त्या चंद्राले ओवाळतात. जाय बाहेर, लवकर बुडते आजचा."

मी ताट घेऊन अंगणात आले. गोठ्याच्या पत्र्यावर, पश्चिमेला, अगदी बारीक कोर होती. मी दिवा धरला आणि ओवाळलं. सासूबाई दारात उभ्या राहून मला सांगत होत्या की अक्षता टाक, पाणी सोड. मी टाकल्या, सोडलं. आणि हात फिरवता फिरवता माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला भाऊ नव्हता. त्या घटकेपुरती मी त्याची बहीण नव्हते. मनातून मला हवं होतं ते एवढंच. ते मिळालं तेव्हा माझा पदर धरून मुलगी उभी होती, ती चंद्राकडं हात करून मामा मामा म्हणत होती, आणि मी तिला थांबवलं नाही.